वननिवासाची निवड : आधी स्वयंपाकघर, मग दृश्य

नागपूरच्या दक्षिण सीमेवरील बेसा हे एके काळी शेतांनी वेढलेले गाव होते. आज तेथे सदनिकांच्या इमारती उभ्या राहिल्या आहेत आणि दुकान इतवारीत, घर मात्र बेसा येथे, अशी अनेक व्यापारी कुटुंबांची घडी बसली आहे. या वस्तीचे एक वैशिष्ट्य सहसा ध्यानात घेतले जात नाही. उमरेड मार्ग आणि वर्धा मार्ग हे दोन्ही येथून जवळ असल्याने विदर्भातील वने जणू दाराशीच आहेत. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य तासा-दीड तासावर, पेंच व ताडोबा दोन-तीन तासांवर. त्यामुळे मुलांच्या परीक्षा संपल्या की दोन दिवस जंगलात जाऊन येण्याचा बेत घराघरांत ठरतो.

अशाच एका कुटुंबात गेल्या मार्चमध्ये असा बेत ठरत होता. घरात चौऱ्याहत्तर वर्षांच्या आजी, मुलगा, सून आणि दोन नातवंडे. एका वननिवासाचे रंगीत माहितीपत्रक सर्वांच्या पसंतीस उतरले होते. काचेची अखंड भिंत, प्रत्येक कुटीसमोर पोहण्याचे छोटे कुंड आणि ‘सव्हानाचे विहंगम दृश्य’ यांचे आश्वासन त्यात होते. बयाना भरण्याची तयारी झाली, तेव्हा आजी शांतपणे म्हणाल्या, “तुम्ही सगळे जाऊन या. मी घरीच बरी. माझ्या चौविहारासाठी सर्वांचा खोळंबा कशाला?”

त्या एका वाक्याने साऱ्या बेताचा विचार नव्याने करावा लागला. आईला घरी ठेवून जायचे, की तिला नेता येईल असे ठिकाण शोधायचे, हा प्रश्न मुलापुढे उभा राहिला. “आई नसेल तर ती सहल कुटुंबाची कशी म्हणायची?” असे तो पत्नीला म्हणाला आणि दोघांनी माहितीपत्रक बाजूला ठेवून कागदावर प्रश्न लिहून काढले. ते प्रश्न समाजातील इतर कुटुंबांनाही उपयोगी पडण्याजोगे आहेत.

गवताळ दृश्य कोठून आले?

पहिला प्रश्न दृश्याचाच होता. सव्हाना म्हणजे विरळ झाडे असलेला विस्तीर्ण गवताळ प्रदेश. पूर्व आफ्रिकेतील सेरेंगेटी व मसाई मारा ही त्याची जगप्रसिद्ध उदाहरणे. ताडोबा व पेंच येथील वन मात्र मुख्यतः साग, बांबू आणि पानझडी वृक्षांचे आहे. त्यात मधूनमधून कुरणे आहेत आणि ती नयनरम्यही आहेत; परंतु ताडोबातील काही कुरणांचा इतिहास जाणून घेण्यासारखा आहे. जामणी आणि नवेगाव ही गाभा क्षेत्रातील गावे होती. वाघांच्या अधिवासासाठी तेथील कुटुंबांचे पुनर्वसन अन्यत्र करण्यात आले. जेथे घरे व शेते होती, तेथे आज गवत आहे आणि त्यावर चितळ, सांबर, गवे चरतात.

म्हणजे पर्यटक ज्याला निसर्गाचे मोकळे मैदान समजतो, ते कोणाचे तरी सोडलेले अंगण असू शकते. यात अपराधी वाटण्याचे कारण नाही. पण ते दृश्य फुकट मिळालेले नाही, एवढी जाणीव असावी. एका खिडकीतून दिसणाऱ्या रानासाठी कोणी काय सोडले, हे ज्याला ठाऊक आहे, तो त्या रानात अधिक संयमाने वागतो. शिवाय कुरण पाहण्यासाठी खोलीला काचेची भिंत असावी लागत नाही. सफारीच्या गाडीतून ते सर्वांना सारखेच दिसते. म्हणून दृश्यासाठी दुप्पट भाडे देण्यापूर्वी ते दृश्य खोलीतून किती वेळ पाहिले जाणार आहे, याचा विचार करावा. सकाळ-सायंकाळ कुटुंब वनात असते आणि दुपारी उन्हामुळे पडदे ओढलेले असतात.

सफारीची वेळ आणि पच्चक्खाण

दुसरा प्रश्न वेळेचा. वननिवासाची सारी दिनचर्या सफारीच्या दोन फेऱ्यांभोवती फिरते. सकाळची फेरी सूर्योदयाच्या सुमारास सुरू होते व दहाच्या आसपास संपते. दुपारची फेरी सूर्यास्ताच्या सुमारास संपते.

सकाळची फेरी नियम पाळणाऱ्यांना अनुकूलच आहे. एप्रिलच्या मध्यास या भागात सूर्योदय सहाच्या थोडा आधी होतो. नवकारशीची अठ्ठेचाळीस मिनिटे वनातच सरतात आणि परत येईपर्यंत पोरसीही सहज साधते. गाडीत खाणेपिणे न करण्याचा वनाचा शिस्तीचा नियम आणि आपले पच्चक्खाण येथे एकमेकांना पूरक ठरतात.

अडचण येते ती दुपारच्या फेरीत. सूर्यास्त साडेसहाच्या सुमारास आणि गाडी प्रवेशद्वारातून बाहेर पडते तीही त्याच सुमारास. निवासावर पोहोचून हातपाय धुईपर्यंत चौविहाराची वेळ टळलेली असते. बहुतेक निवासांत रात्रीचे जेवण साडेसात-आठनंतर लागते. म्हणून चौविहार पाळणाऱ्यांपुढे दोन मार्ग राहतात. एक, दुपारी निघण्यापूर्वीच भोजन आटोपून त्याग घ्यावा. दुसरा, ज्येष्ठांनी दुपारची फेरी सोडून निवासावरच राहावे आणि वेळेत जेवावे. विदर्भाचा उन्हाळा पाहता उघड्या जिप्सीत दुपारी बसण्यापेक्षा दुसरा मार्ग प्रकृतीलाही हितकर आहे.

आरक्षणापूर्वी पंचांग पाहणेही आवश्यक आहे. चैत्री ओळी, महावीर जन्मकल्याणक, अष्टमी-चतुर्दशी या तिथी पाहूनच दिवस ठरवावेत. ताडोबाचे गाभा क्षेत्र मंगळवारी बंद असते, हेही लक्षात ठेवावे. बेसा येथील या कुटुंबाने चैत्री पौर्णिमेनंतरचे दोन दिवस निश्चित केले.

‘जैन भोजन मिळेल’ म्हणजे काय मिळेल?

तिसरा प्रश्न स्वयंपाकघराचा, आणि निवडीचा खरा निकाल येथेच लागतो. ‘जैन भोजन उपलब्ध’ ही ओळ आता बहुतेक माहितीपत्रकांत असते. परंतु अनेक ठिकाणी तिचा अर्थ केवळ कांदा-लसूण नाही, एवढाच घेतला जातो. रश्शातील बटाटा, चहातील आले, पुलावातील गाजर यांविषयी विचारले तर आचारी गोंधळून जातो. न्याहारीच्या टेबलावर मध असतो आणि केकमध्ये अंडे असू शकते. शाकाहारी व मांसाहारी पदार्थ एकाच ओट्यावर, एकाच तेलात तर होत नाहीत ना, हे तर विचारल्याशिवाय कळतच नाही.

म्हणून मोघम प्रश्न विचारू नयेत. या कुटुंबातील सूनबाईंनी प्रत्येक ठिकाणी दूरध्वनी करून एकच प्रश्न विचारला, “सायंकाळी साडेपाच वाजता एका माणसासाठी गरम पोळी, डाळ आणि फळभाजी करून द्याल का?” एका प्रशस्त निवासाने सांगितले, की स्वयंपाकघर साडेसातपूर्वी सुरू होत नाही. दुसऱ्याने दुपारचे अन्न गरम करून देण्याची तयारी दाखवली. तिसऱ्या, मोहर्ली बाजूच्या एका लहान व पूर्ण शाकाहारी निवासातील व्यवस्थापकाने मात्र उलट विचारले, “पाणी उकाळलेले लागेल का? किती वाजेपर्यंतचे चालेल?” सूनबाईंनी त्याच क्षणी मनाशी निर्णय घेतला. त्या निवासात पोहण्याचे कुंड नव्हते आणि काचेची भिंतही नव्हती.

शाकाहारी निवास न मिळाल्यास आणखी एक पर्याय आहे. मोहर्लीच्या वाटेवरील भद्रावती येथे स्वप्नदेव श्री केशरिया पार्श्वनाथाचे तीर्थ आहे. धर्मशाळा व भोजनशाळेची सोय असल्याने तेथे मुक्काम करून पहाटे वनाकडे निघता येते. पेंचकडे जाणाऱ्यांना वाटेत मनसरहून रामटेक जवळ पडते. तेथील श्री शांतिनाथ दिगंबर जैन मंदिर आचार्य विद्यासागर महाराजांच्या चातुर्मासांमुळे सर्वांना परिचित आहे. वनयात्रेला तीर्थयात्रेची जोड देणे आपल्याकडे असे सहज शक्य आहे.

अंधार हीदेखील सुविधा

चौथा प्रश्न उजेडाचा. रात्रिभोजनाच्या त्यागामागे सूक्ष्म जीवांची जयणा आहे, हे घरातील लहान मुलालाही ठाऊक असते. दिव्याकडे कीटक ओढले जातात आणि नष्ट होतात. हाच विचार आता विज्ञानाच्या वाटेनेही वनापर्यंत पोहोचला आहे. जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला ‘डार्क स्काय पार्क’ असा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. हा मान मिळवणारे ते भारतातील पहिले ठिकाण. त्यासाठी परिसरातील गावांतील दिवे बदलून त्यांचा प्रकाश जमिनीकडे वळवण्यात आला. अंधार राखल्याने तारे दिसतात. पण त्याचबरोबर निशाचर प्राणी, पक्षी आणि कीटक यांचे जीवनक्रमही अबाधित राहतात.

म्हणून निवास निवडताना रात्री किती दिवे जळतात, हे अवश्य विचारावे. झाडांवर गुंडाळलेल्या माळा, कुंडातील रंगीत प्रकाश, मोठ्या आवाजातील संगीत आणि रात्रभराची शेकोटी ही ऐश्वर्याची लक्षणे म्हणून मिरवली जातात. जीवदयेच्या दृष्टीने मंद दिवे व शांत परिसर असलेला निवास अधिक श्रेष्ठ समजावा.

वाघापासून अंतर

पाचवा प्रश्न वाहनाचा आणि चालकाचा. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या गाड्यांनी एका वाघिणीची व तिच्या पाच पिल्लांची वाट दोन्ही बाजूंनी अडवली. त्या प्रसंगाची चित्रे सर्वत्र पसरली, संबंधित चालक व मार्गदर्शकांवर कारवाई झाली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या घटनेची स्वतःहून दखल घेतली. बेसा येथून हे अभयारण्य तासा-दीड तासाच्या अंतरावर आहे. त्या गाड्यांत बसलेली माणसे आपल्यासारखीच वर्षअखेरीस सहकुटुंब आलेली असणार.

चालक वाट अडवतो, याचे मूळ पुष्कळदा मागे बसलेल्यांच्या आग्रहात असते. ‘वाघ दाखवला तर बक्षीस’ असे म्हणणारा पाहुणा नकळत त्या वाघिणीची वाट अडवत असतो. म्हणून ‘हमखास वाघ’ असे आश्वासन देणारा निवास टाळावा. कोणत्याही प्रामाणिक माणसाला असे आश्वासन देता येत नाही.

वाघ पाहावा की नाही, असाही प्रश्न काही घरांत निघतो. मांसाहारी प्राण्याची शिकार पाहण्याची उत्सुकता आपल्या संस्कारात बसत नाही, ही ज्येष्ठांची भावना योग्यच आहे. परंतु वन म्हणजे केवळ शिकार नव्हे. समवसरणात सर्व जीव वैर विसरून एकत्र बसल्याचे वर्णन मुले ऐकतात. तीर्थंकरांची लांछने त्यांना पाठ असतात. शांतिनाथांचे हरीण, विमलनाथांचा वराह, सुविधिनाथांचा मगर, मुनिसुव्रतांचा कासव, पार्श्वनाथांचा सर्प. हे सारे जीव आपल्या वनांत आहेत. ताडोबा तलावात मगरी आहेत आणि चितळांचे कळप तर जागोजागी भेटतात. मुलांच्या हाती वाघाऐवजी लांछनांची यादी दिली, तर कोणतीही फेरी निष्फळ ठरत नाही.

व्यवहाराची बाजू

आता हिशेबाविषयी. निवासाचे आरक्षण आणि सफारीचे आरक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निवास कितीही महागडा असला तरी वनप्रवेशाचा परवाना वनखात्याचाच लागतो. तो वनखात्याच्या अधिकृत संकेतस्थळावर, प्रत्येकाच्या ओळखपत्रासह स्वतः काढावा. २०२३ मध्ये ताडोबाच्या ऑनलाइन आरक्षणाच्या रकमेत सुमारे १२ कोटी रुपयांच्या अपहाराची तक्रार चंद्रपूर येथे दाखल झाली होती. त्यामुळे पैसे कोणाच्या खात्यात जात आहेत, हे पाहूनच रक्कम भरावी आणि पावती जपून ठेवावी.

प्रवेशद्वार आधी, निवास नंतर, हा क्रम पाळावा. कोलारा येथे निवास आणि मोहर्ली येथे सफारी असे झाल्यास बाहेरून लांबचा फेरा पडतो आणि पहाटेची वेळ हुकते. एका जिप्सीत सहा पर्यटक बसतात, त्यामुळे पाच जणांच्या कुटुंबास एक गाडी पुरते. खोलीचे दैनिक भाडे ७,५०० रुपयांहून अधिक असल्यास १८ टक्के जीएसटी लागतो. भाडे विचारताना करासहित आकडा विचारावा. कौटुंबिक सहलीवरील हा कर दुकानाच्या हिशेबात वळता करून घेता येत नाही, हेही व्यापारी बंधूंनी ध्यानात ठेवावे. रद्द केल्यास किती रक्कम परत मिळेल, हे लेखी घ्यावे. सफारीचे शुल्क व निवासाचा बयाना यांचे नियम भिन्न असतात.

आफ्रिकेचा विचार करणाऱ्यांसाठी

खरा सव्हाना पाहण्याची ज्यांची इच्छा व ऐपत आहे, त्यांनी केनिया-टांझानियाचा विचार अवश्य करावा. केनियात जामनगर परिसरातून गेलेला ओसवाल समाज पिढ्यान् पिढ्या स्थायिक आहे. नैरोबी व मोंबासा येथे जिनालये आहेत, आणि त्यामुळे तेथील पर्यटन व्यावसायिकांना जैन भोजन ही कल्पना नवी नाही. मात्र मसाई मारातील वन्यप्राण्यांचे सुप्रसिद्ध स्थलांतर साधारण जुलै ते ऑक्टोबर या काळात असते, म्हणजे नेमके आपल्या चातुर्मासात व पर्युषणात. त्याऐवजी जानेवारी ते मार्च या काळात दक्षिण सेरेंगेटीत विल्डबीस्ट प्राण्यांची पिल्ले जन्मतात. तो काळ आपल्याला अधिक सोयीचा. प्रवासापूर्वी पीतज्वराची लस किमान दहा दिवस आधी घेऊन प्रमाणपत्र जवळ ठेवावे लागते.

आपल्याकडे ताडोबा व पेंचचे गाभा क्षेत्र १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असते. पावसाळ्यात जीवोत्पत्ती अधिक होते म्हणून साधुसाध्वी विहार थांबवतात, आणि त्याच महिन्यांत वनही माणसांना दार बंद करते. हा योगायोग असला तरी सुंदर आहे.

साडेपाचची पोळी

एप्रिलच्या अखेरीस ते कुटुंब मोहर्लीकडे निघाले. आजी सोबत होत्या. पहिल्या सकाळी वाघ दिसला नाही. नातवंडांच्या यादीत मात्र हरीण, वराह व मगर यांची नोंद झाली. जामणीच्या कुरणाशी गाडी थांबली, तेव्हा मार्गदर्शकाने येथे गाव होते असे सांगितले. आजींनी हात जोडले. कोणासाठी, हे त्यांनी सांगितले नाही.

दुपारी बाकीचे पुन्हा वनात गेले आणि आजी निवासावर राहिल्या. बरोबर साडेपाचला ताट आले. पोळी वाढणारी बाई जवळच्याच गावची होती. आजींनी तिला समोर बसवून घेतले आणि घरची चौकशी केली. तेंदूपत्त्याचा हंगाम तोंडावर आला होता. पूर्वी तीही पत्ता तोडायला जात असे. “आता इथं काम लागलं, म्हणून बरं हाय आजी,” ती म्हणाली. “पहाटे बाया जंगलात गेल्या की परत येईस्तोवर घरच्यायचा जीव थाऱ्यावर राह्यत नाही.”

चंद्रपूर जिल्ह्यात वाघाच्या हल्ल्यात दरवर्षी माणसे दगावतात. मोहफुले व तेंदूपत्ता गोळा करणाऱ्यांना उन्हाळ्यात धोका अधिक असतो आणि पर्यटनाचा भर हंगामही तोच. पाहुण्यांसाठी जो वाघ दर्शनाचा विषय, तोच शेजारच्या गावासाठी भयाचा. निवासात आसपासच्या गावांतील किती माणसांना काम मिळते, हा प्रश्न कुटुंबाच्या कागदावर नव्हता. आजींनी तो त्या दिवशी जोडला.

दिवस मावळण्यापूर्वी त्यांनी चौविहाराचे पच्चक्खाण घेतले आणि ओसरीवर सामायिकास बसल्या. नातवंडे परतली तेव्हा ओसरीवर एकच मंद दिवा होता आणि आकाश ताऱ्यांनी भरले होते. दुपारच्या फेरीत वाघ दिसला होता. तलावाकाठी, दूरवर, पाणी पिताना. धाकट्याने तो प्रसंग आजींना दोनदा सांगितला. आजींनी दोन्ही वेळा तो पूर्ण ऐकला.

परतीच्या वाटेवर भद्रावती येथे दर्शन झाले. नातवाने मूर्तीच्या मस्तकावरील फणा पाहून यादीत सर्पाची नोंद केली. गाडी नागपूरकडे वळल्यावर मुलाने विचारले, “आई, पुढच्या वर्षी पेंचला जायचे का?”

“जाऊ की,” आजी म्हणाल्या. “पण आधी स्वयंपाकघर विचार. आणि पोळी कोण करते, तेही विचार.”